तोरणमाळचा उतार

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून मी पाहुण्यांना गाडीने तोरणमाळच्या डोंगरात फिरवतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना खड्डे हवे असतात. पुण्याचे असोत, नाशिकचे असोत की सुरतचे, फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "रस्ता खराब आहे ना?" माझ्या वडिलांच्या काळात कुणी असं विचारलं असतं तर ते शरमले असते. मी म्हणतो, आहे, भरपूर खराब आहे, या.

शहाद्याहून तोरणमाळ पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. तापीकाठची केळी आणि पपया मागे टाकत गेलं की सातपुडा अंगावर येतो आणि मग सात पायऱ्यांचा घाट. शहादा समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आतबाहेर, तोरणमाळ साडेअकराशेच्या. म्हणजे चढताना हजार मीटर चढायचे आणि येताना तेवढेच उतरायचे. यातला दुसरा अर्धा भाग कुणीच विचारत नाही.

ही गोष्ट दिवाळीच्या सुट्टीतली. पुण्याची दोन कुटुंबं होती. एक माझ्या जुन्या डिझेल थारमध्ये आणि दुसरं त्यांच्या स्वतःच्या गाडीत. सात सीटची, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, ऑटोमॅटिक म्हणजे गिअर आपोआप बदलणारी, दिसायला झकास. गाडीत सातही जण, टपावर बॅगा. चालवणारे साहेब पन्नाशीचे, हात चांगला, हायवेचा सराव दांडगा. मागच्या सीटवर त्यांची आई, म्हणजे आजी. त्यांच्या पायाशी फराळाचा स्टीलचा डबा होता आणि तो दोन दिवसांत त्यांनी कुणाच्या ताब्यात दिला नव्हता.

पाहुण्यांची स्वतःची गाडी असली की माझा भाचा त्यांच्या गाडीत बसतो, वॉकीटॉकी घेऊन. डोंगरात मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, लायसन्स काढून वर्ष झालंय, बोलतो कमी आणि नाक तिखट. त्या दिवशी नाकच कामाला आलं.

सकाळी वर पोचल्यावर त्यांना सिंदीदिगरच्या बाजूला नेलं. त्या कड्यावर उभं राहिलं की सातपुडा काय आहे ते कळतं. उत्तरेकडचं पाणी नर्मदेला जातं, दक्षिणेकडचं तापीला, आणि आपण मधल्या धारेवर. डांबर सोडून एक तुकडा आहे, पावसाने धुपलेला, डोक्याएवढे दगड उघडे पडलेले. वनखात्याच्या हद्दीत मी गाडी घालत नाही आणि गवतावर तर अजिबात नाही. पाड्यावरच्या लोकांच्या वहिवाटीची जी वाट आहे तेवढीच.

तिथे मी पुढे उलटा चालत हातांनी इशारे करतो. नवीन माणूस दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायला बघतो. मी चाक दगडावरच चढवायला लावतो, कारण मध्ये घेतलेला दगड डिफरन्शियलला, म्हणजे गाडीच्या पोटाखाली चाकांना जोर वाटून देणारी जी गिअरची पेटी असते तिला, बसतो. साहेबांनी ते पटकन उचललं. उतरताना त्यांच्या गाडीत उतार-नियंत्रणाचं बटण होतं. दाबलं की ब्रेकवर पाय नको आणि ॲक्सिलरेटरवरही नको, गाडी कर्र कर्र आवाज करत आपोआप मुंगीच्या पावलाने खाली येते. पन्नास पावलांचा उतार होता, मीच म्हणालो, दाबा. साहेब खाली आले ते पोरासारखे हसत. "अहो, हे तर भन्नाट आहे!" आजींनीही टाळ्या वाजवल्या.

जेवण तोरणमाळलाच. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि भरिताची वांगी नुकती निघायला लागली होती म्हणून भरीत. यशवंत तलावावर पोरांनी फोटो काढले. सीताखाईच्या धबधब्याला पाणी बारीक झालं होतं, पण होतं. तीनच्या सुमाराला खाली निघालो.

निघताना मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं: गिअर हाताने घ्या, दोनच्या वर जाऊ देऊ नका, ब्रेक मारायचा तो वळणाआधी आणि लगेच सोडायचा. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर भार येत नाही. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, हे जुन्या एसटीवाल्यांचं वाक्य आहे आणि त्यात बदल करण्यासारखं काही अजून मला सापडलेलं नाही. साहेब म्हणाले, हो हो.

मी पुढे, ते मागे. पुढच्या माणसाला मागच्या गाडीचे ब्रेकलाइट दिसत नाहीत, म्हणून मी आरशात तिचं नाक बघतो. ब्रेक लागला की नाक दबतं, सुटला की वर येतं. ह्यांच्या गाडीचं नाक काही वर येईना. वेग मात्र एकदम सारखा, शिस्तीत. मी वॉकीटॉकीवर विचारणार तेवढ्यात भाचाच बोलला.

"मामा, जळाना वास येई राह्यना."

"ब्रेकवर पाय आहे का त्यांचा?"

"पाय नही. बटण दाबेल शे."

सकाळचं बटण! पन्नास पावलांसाठीचं बटण साहेबांनी घाट लागल्यापासून दाबून ठेवलं होतं. त्या बटणात जादू काही नाही. गाडी स्वतःच चारही चाकांचे ब्रेक टपटप मारत असते, तोच तो कर्र कर्र आवाज. दगडातल्या छोट्या उतारावर त्याच्यासारखं काही नाही, पण घाटात सात माणसं आणि टपावरच्या बॅगांसकट अडीच टनांच्या घरात वजन असताना ते म्हणजे सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणं. मी सांगेपर्यंत गाडीच शहाणी झाली. काचेमागे काहीतरी लाल अक्षरं उमटली आणि यंत्रणा बंद पडली. आता साहेबांचा पाय ब्रेकवर आला, आणि पेडल खाली गेलं.

ब्रेकच्या नळीत तेल असतं. ते दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. तेल उकळलं की वाफ होते, आणि वाफ आकसते. पाय तळाला टेकतो, चाकाला पत्ताही लागत नाही.

भाच्याने वॉकीटॉकी साहेबांच्या तोंडाशी धरली होती. साहेबांचा आवाज बदलला होता. मी म्हणालो, "काका, पेडल भराभर मारा. एकदा दाबून धरू नका, पंप करा." दिवसभर मी त्यांना साहेब म्हणत होतो, तेव्हा काका कुठून आलं कोण जाणे. "भाच्या, गिअर मॅन्युअलला घे. एकेक खाली. इंजिन बोंबलेल, बोंबलू दे."

इंजिन खरंच बोंबललं. मला माझ्या गाडीत ऐकू आलं. पंप केल्यावर थोडा थोडा ब्रेक लागत होता, वेग विसाच्या खाली आला होता, पण थांबत नव्हती. मी पुढे अंतर वाढवलं. दोन वळणं खाली रस्त्याच्या कामाची खडी डोंगराच्या बाजूला टाकलेली होती, सकाळी चढताना बघितली होती. "पुढच्या वळणानंतर डावीकडे खडीचा ढीग आहे. दरीकडे बघायचं नाही. डावी चाकं सरळ ढिगात घाला." मी ढीग ओलांडून थांबलो आणि उतरून पळत मागे आलो. गाडी आली, डावीकडे वळली, खरर्र करत खडीत घुसली आणि अडकली. बंपरला ओरखडा पडला, बाकी काही नाही.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. साहेबांचा मुलगा बाटली घेऊन धावला. भाच्याने त्याचं मनगटच धरलं. तापलेल्या डिस्कवर, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर, गार पाणी पडलं तर ती वाकते, नाहीतर तडकते. आम्ही गिअर पार्किंगला ठेवला, चारही चाकांना दगड लावले आणि थांबलो. निळसर झालेली डिस्क मी चाकाच्या जाळीतून बघितली. हातभर अंतरावरून चेहऱ्याला धग लागत होती.

मग जे व्हायचं ते झालं. भीती ओसरली की राग येतो. साहेब माझ्यावर चढले. सकाळी तुम्हीच बटण दाबायला सांगितलं, तुमच्या त्या दगडांतच ब्रेक खराब झाले, आम्ही फॅमिली घेऊन येतो आणि तुम्ही. मी ऐकून घेतलं. सकाळी दगडांत ताशी पाच किलोमीटरने गाडी चालली होती, त्यात ब्रेक तापायला वेळच नव्हता. पण अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो, माणसाचे हात थरथरत असतात. खालून शहाद्याची एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरने काच सरकवली, चाकांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"ऑटोमॅटिक का?"

मी मान हलवली. त्याने काच लावली आणि तो वर गेला. इतका नेमका पंचनामा मी पोलिसांनाही करताना पाहिलेला नाही.

त्यानंतर एक जीप थांबली, टपापर्यंत माणसं. चार-पाच पावरा आदिवासी पोरं उतरली, काही न विचारता आणखी मोठे दगड आणून लावले. आजींनी तेव्हा पहिल्यांदा फराळाचा डबा उघडला. आधी त्या पोरांना चकल्या, मग जीपच्या टपावर, मग आम्हाला, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या मुलाला. "खा आणि गप्प बस," म्हणाल्या. साहेब रस्त्याच्या कडेला दगडावर बसून शंकरपाळी खात होते, पाठीमागून ब्रेकचा वास येत होता.

सव्वा तास लागला. तेल निवलं की वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल घट्ट झालं. तरीही मी त्यांना चालवू दिलं नाही. माणसं आणि बॅगा दोन्हीकडे वाटून घेतल्या, एका जीपवाल्याने तिघांना खालपर्यंत नेलं. मी ती गाडी पहिल्या गिअरात उतरवली, माझी थार भाच्याने आणली. साहेब माझ्या शेजारी बसले होते आणि उतार संपेपर्यंत त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता.

दुसऱ्या दिवशी शहाद्यात ओळखीच्या गॅरेजला गाडी लावली. मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढून आम्हाला दाखवलं. चहाच्या रंगाचं होतं. नवीन तेल फिकट पिवळं असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं. डॉट फोर प्रतीचं तेल कोरं असताना २३० अंशांच्या वर उकळायला हवं, ओल प्यालेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. ही गाडी चार वर्षांची, सर्व्हिस वेळच्या वेळी केलेली, पण बिलांत ब्रेक ऑइलची नोंद कुठेही नाही. साहेबांनी सगळी बिलं मोबाइलवर तिथेच काढून बघितली, दोनदा. मग काही बोलले नाहीत. पुढच्या ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मेकॅनिक म्हणाला, पॅड धुळ्याला मिळतील. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण गाडीचे पार्ट अजून धुळे जिल्ह्यातच आहेत.

तेव्हापासून पाहुणे स्वतःची गाडी आणतो म्हणाले की मी ब्रेक ऑइल कधी बदललंय ते विचारतो. बरेच जण चिडतात. गाडी नवीन आहे, कंपनीत सर्व्हिस होते, तुम्ही कोण विचारणारे. मग मी त्यांना माझ्या गाडीत बसवतो, आणि ते तयार नसतील तर उनपदेवचे गरम पाण्याचे झरे दाखवून परत पाठवतो. धंदा थोडा बुडतो.

डिसेंबरात साहेबांचा फोन आला. आजींना सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघायचे होते. साहेबांनी जरा घुटमळत विचारलं, गाडी आणली तर चालेल का. म्हटलं, आणा की, सारंगखेडा तापीकाठी आहे, तिथे कसला घाट. फराळाचा डबा मात्र विसरू नका.