मार्चची हिरवी खूण

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातून, घरूनच मी काम करतो. जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. काटापट्टीवरची चूक थेट शेतकऱ्याच्या पैशात उतरते, म्हणून या कामात माझा जीव अडकलेला असतो.

गेल्या नोव्हेंबरात संध्याकाळी सहाला फोन आला. ओलाव्याची कपात काही गाड्यांवर दोनदा होत होती. चूक एका ओळीची निघाली. दुरुस्ती पाठवली, आणि बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करायची प्रक्रिया, पहिल्याच टप्प्यात फेल. माझ्या ओळीपर्यंत तो पोचलाच नाही.

तोवर जेनकिन्सवर, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बिल्ड पास झाल्याची हिरवी खूण होती. तिच्याजवळची तारीख मार्चची होती, ती मी कधी वाचलीच नव्हती. जॉब (तिथे नेमून दिलेलं काम) ‘पोल एससीएम’वर होता: दर १५ मिनिटांनी कोडमध्ये बदल आहे का बघायचं, नसेल तर बिल्ड करायचा नाही. आठ महिने लॉगमध्ये एकच ओळ, ‘नो चेंजेस’. कोड तोच होता, खरं आहे. पण खालचा डेबियन १० (बिल्ड ज्यावर चालतो ती लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) जुना झाला होता. त्याचा दीर्घकालीन सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पुढे त्याची पॅकेजेस (लागणारी तयार सॉफ्टवेअर) नेहमीच्या सर्व्हरवरून अर्काइव्हला, म्हणजे जुन्याच्या साठ्यात, गेली. मधे आमची डिस्क भरली म्हणून बिल्डसाठीच्या डॉकर या साधनाचा कॅश (आधीच्या बिल्डचे जपून ठेवलेले थर) साफ केलेला. आता जुन्या पत्त्यावर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’.

बाबा हरभऱ्याच्या ओलितासाठी निघाले होते, आमच्याकडे शेतीची लाइन रात्रीच येते. “काऊन रे, जेवला नाहीस अजून?” मी सांगितलं, आठ महिने हात लावला नाही तरी बिघडलं.

“वावरात महिनाभर गेलं नाही तं तण थांबते का?” एवढं बोलून बॅटरी घेऊन ते गेले.

मी पॅकेजचा पत्ता अर्काइव्हचा केला. पावणेदोनला बिल्ड पास झाला. सकाळी आठला काटा सुरू व्हायच्या आत दुरुस्ती बसली.

दुसऱ्या दिवशी मी सुचवलं, बदल असो नसो, रोज बिल्ड करू. पुण्यातला सहकारी म्हणाला, बदल नसताना रोज बिल्ड म्हणजे सर्व्हरवर फुकटचा भार. रिलीजपुरतं, म्हणजे ग्राहकाला नवी आवृत्ती देण्यापुरतं, त्याचं बरोबर आहे. मला मात्र हा कोड आज, बाहेरच्या आजच्या पॅकेजेसवर उभा राहतो का, हे कळायला हवं होतं. शेवटी ठरलं: हंगामात रोज रात्री दोननंतर, एरवी आठवड्यातून एकदा. वेळापत्रकात मिनिटाच्या जागी ‘एच’ लिहिलं, म्हणजे सगळे जॉब एकाच मिनिटाला उठत नाहीत. हा बिल्ड कॅशशिवाय चालतो. कॅश वापरला तर जुनेच थर जोडून तो पास होईल आणि काहीच कळणार नाही. तो फक्त तपासतो, ग्राहकाकडे काही पाठवत नाही. डेबियन १२ वर जायला पुढे दोन आठवडे लागले.

डिसेंबरात एका सकाळी तोच रात्रीचा जॉब लाल दिसला. कोडला कुणी हात लावलेला नव्हता. आम्ही व्हर्जन न बांधलेली (कुठली आवृत्ती घ्यायची ते पक्कं न केलेली) एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांचा तयार कोड, रातोरात बदलली होती. मी व्हर्जन बांधलं, पुन्हा चालवलं. साडेसात वाजले होते, काट्यावर अजून एकही गाडी लागली नव्हती.