घरात सगळे म्हणायचे, डावरा आहे

मुलगा सात महिन्यांचा असताना खुळखुळा पुढे धरला की डावा हात झेपावायचा. उजवा छातीशी मिटलेला. सासरे कौतुकाने म्हणायचे, डावरा आहे. मलाही तेच वाटायचं.

शंका आली ती सासूबाईंना. रोज तेल लावून चोळायच्या त्याच. एका सकाळी म्हणाल्या, "पोरी, यानी उजवी मूठ सुटत नही वं." मी बोटं उलगडली. अंगठा आत दुमडलेला, तळहाताच्या रेषांत दुधाचा आंबूस वास आणि गोधडीचे धागे अडकलेले. सोडली की मूठ पुन्हा घट्ट.

तो 32 आठवड्यांचाच जन्मला होता, वजन 1 किलो 400 ग्रॅम. चोपड्याला डॉक्टरांना दाखवलं तर उत्तर मिळालं, कमी दिवसांचं बाळ आहे, उशिरा करेल, वर्षापर्यंत थांबा. लवकर जन्मलेले आठवडे वयातून वजा करतात, हे खरंच आहे. पण आठ आठवडे वजा करूनही पाच महिने होत होते. आणि उशीरच असता तर दोन्ही हातांना झाला असता, एकालाच कसा? हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पुढच्याच महिन्यात अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी बाळाच्या तोंडावर रुमाल टाकला. त्याने डाव्या हाताने लगेच ओढला. मग डावा हात हलकेच धरून पुन्हा टाकला. उजवा अर्धा उचलला गेला, थांबला, आणि तो रडायला लागला. मॅडमनी चिठ्ठी दिली, जळगावला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, उशीर करू नका.

तिथे तपासण्या झाल्या, औषधाने झोपवून एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा, म्हणून उजवं अंग कडक. सेरेब्रल पाल्सी. मी एवढंच विचारलं, वाढत जाईल का? डॉक्टर म्हणाले, मेंदूतली इजा वाढत नाही, पण हात वापरलाच नाही तर स्नायू आखडत जातात. परतीच्या एसटीत अडावद येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेला एक उपाय आमच्या घरात सगळ्यात जास्त चालला. दिवसातून ठरावीक वेळ चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि पिकल्या केळीचा तुकडा उजवीकडे धरायचा. सुरुवातीला तो चिडायचा, केळी सगळ्या अंगाला फासायचा. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा दोन बोटांत तुकडा अडकला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ज्यांच्या घरात बाळ आहे त्यांना सांगते, वर्षाच्या आत कुठलंच बाळ ठरवून डावरं किंवा उजवं होत नाही. एकच हात पुढे येत असेल, चार महिन्यांनंतरही मान धरत नसेल किंवा मुठी मिटलेल्याच असतील, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, अंग फार कडक किंवा फार लुळं वाटत असेल, तर दाखवाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, प्रमाणपत्र मिळतं. तेही काढून घ्या, लाजू नका.

आता तो अडीच वर्षांचा आहे. पायात आधाराची पट्टी, म्हणजे स्प्लिंट, घालून अंगणभर चालतो. भाकर डाव्या हाताने मोडतो, उजव्याने दाबून धरतो. सासूबाई आता गल्लीत कोणाचंही बाळ चोळायला घेतलं की आधी दोन्ही मुठी उघडून बघतात.