साक्ष नसलेला रविवार

आज चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय का?" आणि सासूबाईंनी मला कोपर मारलं. मी उठले नाही. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलंच, "कामून उठली नाहीस गं? सगळे वाट बघायलेत तुझी."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उठून सांगायचं. मी काय सांगायला उठू? एकीच्या पोराला नोकरी लागली, एकाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं. टाळ्या, आमेन. साक्षीला उभं राहणाऱ्या प्रत्येकाचं काम आधीच झालेलं असतं. माझ्या कंत्राटी नोकरीच्या मुदतवाढीची ऑर्डर अजून नाही. फाईल वर गेलीय म्हणतात. वर म्हणजे कुठे ते प्रभूलाच माहीत, आणि तो बोलत नाही. ऑर्डर नाही म्हणून पगार नाही. आणि रोज सकाळी "तू माझा मेंढपाळ आहेस" म्हणायचं, त्याच तोंडाने किराणावाल्याला "पुढच्या आठवड्यात देते" म्हणायचं. ह्यांचं काय चाललंय ते तर... असो.

मला राग कशाचा आलाय? ऑर्डरीचा नाही. वाट बघणाऱ्याला तिथे उभं राहायला जागाच नाही, याचा. शिष्यत्वाच्या वर्गात आपणच मुलांना सांगायचं की बायबलमधला अब्राहाम देवाच्या शब्दावर, कुठे जायचंय ते ठाऊक नसताना निघाला. पण निघाल्यावर पहिल्या मुक्कामी रात्री त्याला झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. त्याची बायको सारा काय म्हणाली असेल? तिचं सासर तर तंबूतच.

दुपारी पडल्या पडल्या बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय काढला, याकोब घर सोडून निघतो आणि वाटेत उघड्यावर झोपतो तो. आमची आजी बेथेलची. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते गाव. याकोबानेही त्या झोपलेल्या जागेला बेथेलच नाव दिलं. त्यामुळे याकोबाची ती रात्र आमच्या घरात सोयऱ्याची गोष्ट असल्यासारखी सांगितली जायची. दगडाची उशी, शिडी, देवदूत. एवढं सगळं बघूनही हा माणूस सकाळी उठून देवाशी सौदा करतो! तू माझ्याबरोबर राहशील, खायला भाकर आणि नेसायला वस्त्र देशील, सुखरूप घरी आणशील, तर तू माझा देव. आजी हे "तर" जरा भरभर वाचायची.

आणि पुढे काय, मामा लाबानाकडे वीस वर्षं चाकरी. त्याने मजुरी दहा वेळा बदलली. हे वाचून मला एकटीलाच हसू आलं. कंत्राटी माणूस होता आपला याकोब!

सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "काय हसायलीस?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण चहा टाकला.

मग थोरले मामा आठवले. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळत होती, टँकर परवडेना. त्या उन्हाळ्यात एका रविवारी मामा साक्षीला उठले आणि बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा ३ रा अध्याय वाचला. अंजिराचं झाड न फुललं तरी, तिथे मामा "मोसंबीचं" म्हणाले. गोठ्यात गुरं नसली तरी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, एवढं वाचून बसले. पुढे "देवाने असं केलं" वगैरे काही नाहीच. टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळेना. त्यानंतर बाग तोडली, लाकूड विकलं. मामी आठवडाभर बोलली नाही.

म्हणजे काम झालेलं नसताना, अर्ध्यातही साक्षीला उठता येतं. मला येईल असं नाही. मामांचा आवाज मुळातच खणखणीत.

याकोबाने त्या सौद्याच्या शेवटी मिळकतीचा दहावा हिस्साही देवाला कबूल केला होता. माझा हिशेब सोपा आहे, शून्याचा दहावा हिस्सा शून्य. तरी पुढच्या रविवारच्या दानाच्या पाकिटात शंभराची नोट घालून ठेवलीय. कुरकुरत घातलीय, हे त्यालाही ठाऊक असू दे.