हमाली किती वर्षं निभते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बाजार समितीत धान्याचा ट्रक खाली होताना पाहिला की बहुतेक जण हेच विचारतात: ही माणसं पन्नाशीपर्यंत तरी टिकतात का? टिकतात. साठीपर्यंत हमालांच्या टोळीत असणारेही आहेत. मात्र पाठीवर पोतं घ्यायचं त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं.

आधी हिशेब बघा. दहा टनांचा ट्रक म्हणजे ५० किलोची २०० पोती. वाहणारे चौघे असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० खेपा, अडीच टन. असे तीन ट्रक आले की दिवसाचे साडेसात टन.

ट्रक उतरवणं त्यातल्या त्यात सोपं. हौद्याचा तळ जमिनीपासून चारेक फूट वर असतो. वाहणारा फाळक्याला, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेला, पाठ करून उभा राहतो, डोक्यावर गोणपाटाची खोळ. वरचे दोघे पोतं सरकवून त्याच्या खांद्यांमध्ये आडवं टाकतात, तो मान खाली घालून चालू लागतो. ओझं कण्यावर सरळ येतं, उचलावं लागत नाही. शरीर बिघडतं ते जमिनीवरचं पोतं उचलताना. कमरेतून वाकायचं आणि त्याच झटक्यात वळायचं, यात मणक्यातली गादी सरकते. म्हणून जमिनीवरचं पोतं दोघांनी त्याचे कान, म्हणजे कोपरे, धरून उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचं असतं. घाई झाली की तिसऱ्याची वाट कोण बघतो!

पोतं कशाचं आहे यावरही बरंच अवलंबून. तागाचं पाठीला धरून राहतं, उचलायचा लोखंडी आकडाही नीट लागतो. प्लॅस्टिकचं घामावर घसरतं, आकडा लावला की फाटतं. मग सावरायला अंग वाकडं करावं लागतं, आणि उसण भरते ती तेव्हाच.

पाठीबरोबर गुडघेही जातात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पोत्यांची थप्पी पुरुषभर उंच झाली की फळी लावून वर चढायचं. ओझ्यासह चढताना गुडघ्यावर भार येतोच, पण मोकळ्या पाठीने भराभर उतरतानाही धक्का बसतो, आणि फळी ओली असली तर पाय मुरगळतो. मिरची आणि सिमेंटवर काम करणाऱ्यांची छाती धुळीने भरते ते वेगळंच.

वजनाबद्दल एक गोष्ट. पूर्वी साखर-धान्याची पोती क्विंटलची असत. ती पन्नासवर आली, हे फार मोठं काम झालं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस प्रौढ पुरुषाला जास्तीत जास्त ५५ किलोची आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश संस्थेचं ओझं उचलण्याचं सूत्र मात्र सगळं अनुकूल असतानाही २३ किलोवर थांबतं. आणि आपल्याकडे मजुरी उचललेल्या मालावर, रोजावर नाही. त्यामुळे अंगात रग असलेला पोरगा दोन पोती एकदम घेतो, म्हणजे पुन्हा क्विंटलच.

माणूस टिकतो तो टोळीमुळे. टोळीची मजुरी सारखी वाटली जाते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर मुकादम हमालाला पाठीवरच्या कामातून काढून ट्रकवर, पोतं देण्यावर घेतो. पुढे थप्पीची मोजणी, सांडलेलं धान्य झाडून भरणं, दाभण-सुतळीने फाटलेली पोती शिवणं. तरुणांना हे खटकतंच, पण आपलीही पाळी येणार हे त्यांना कळतं. शिवाय कामगारनेते अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी (ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या) कायद्याने मालकाला मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्के रक्कम, माथाडी बोर्डात भरावी लागते. फंड, ग्रॅच्युइटी, बोनस त्यातून. नव्याने लागणाऱ्याने पहिल्याच महिन्यात बोर्डात नाव चढलंय का, हे बघावं. हातात रोख मिळालेली मजुरी ग्रॅच्युइटीच्या हिशेबात धरली जात नाही.

तरीही येती वर्षं अवघड दिसतात. ट्रकसकट माल तोलणारा भुईकाटा आला, पिशव्या शिवायचं मशीन आलं, आणि तोलाई-शिलाईची हलकी कामं आधी गेली. पाठीवरचं पोतं अजून तिथंच आहे. पंचेचाळिशीचा हमाल सरकून बसायचा ती जागाच टोळीत उरली नाही, तर मुकादम त्याला देणार कुठलं काम?