‘टक्’ आवाज आलाच नाही

पिनची कॅप गोनिओमीटरच्या, म्हणजे एक्स-रेसमोर स्फटिक धरून फिरवणाऱ्या उपकरणाच्या, मॅग्नेटवर नीट बसली की एक बारीक, कोरडा ‘टक्’ येतो. धातूवर धातू टेकल्याचा. प्रोटीन क्रिस्टलोग्राफीच्या, म्हणजे प्रोटीनचे स्फटिक करून एक्स-रेने त्यांची रचना शोधण्याच्या, प्रयोगशाळेत एक्स-रे मशीन सांभाळायला लागून मला अठरा वर्षं झाली, आणि या आवाजाची कानाला इतकी सवय झाली आहे की तो आला की पुढचं काम हात आपोआप करतात. जुलैतल्या त्या दुपारी तो आला नाही. ‘थप्प’ असं काहीतरी झालं. आणि तरीही मी चिमटा उघडला.

चिमट्यात जे होतं ते एका विद्यार्थिनीचं दोन वर्षांचं काम होतं. तिचं प्रोटीन मुळात हट्टी. स्फटिक वाढवण्यासाठी शेकडो थेंब लावून झाल्यावर शेवटी तीन स्फटिक मिळाले होते. त्यातले दोन गोठवताना तडकले. उरलेला हा एक, जेमतेम दशांश मिलिमीटरचा. प्रोटीनचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा कडक नसतो. त्यात साधारण निम्मं पाणीच असतं, सुईचं टोक लागलं तरी त्याचा चुरा होतो. म्हणून त्याला कुणी धरतच नाही. नायलॉनच्या दहा-वीस मायक्रॉन जाडीच्या धाग्याचा फास असतो, आम्ही त्याला लूप म्हणतो. आपला केससुद्धा त्याच्या कित्येक पट जाड. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कड्यात जसा पडदा धरतो, तसा द्रावाचा पडदा या लूपमध्ये धरतो आणि स्फटिक त्या पडद्यात तरंगत राहतो. ही युक्ती टेंग यांनी 1990 साली मांडली. त्याआधी काचेच्या केसासारख्या नळीत स्फटिक सरकवून दोन्ही टोकं मेणाने बंद करायचे. माझ्या गुरूंनी तशा नळ्या भरलेल्या मी पाहिल्या आहेत. नळी भरताना ते श्वास रोखून धरायचे.

लूप पिनवर, पिन पोलादी कॅपमध्ये आणि कॅप मॅग्नेटवर. आमचं सगळं काम या साखळीवर चालतं. बोटांनी धरायचं म्हटलं तर दाब किती द्यायचा हे दरवेळी हाताने ठरवायचं, आणि माणसाचा हात सहाव्या तासाला पहिल्या तासासारखा राहत नाही. स्क्रूने आवळायचं म्हटलं तर शेवटच्या आट्याला पिन थरथरणार. मॅग्नेटला आवळावं लागत नाही. कॅप जवळ नेली की ती स्वतःच ओढली जाते, मधोमध बसते आणि दर वेळी तेवढ्याच जोराने धरली जाते. सोडवतानाही तेच. सरळ ओढली तर जोर लागतो, पण वँड, म्हणजे टोकाला मॅग्नेट असलेली दांडी, किंचित तिरकी केली की एका कडेपासून सुटत येते, डब्याचं झाकण निघावं तशी. नवीन मुलांना मी पहिला आठवडा फक्त हेच करायला लावते. रिकामी पिन, रिकामी कुपी, आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये वँड तिरकी करून पिन कुपीत सोडायची. शंभर वेळा.

त्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. खोलीतली हवा कोरडी ठेवणारा डीह्युमिडिफायर दोन दिवस बंद होता, दुरुस्तीची चिठ्ठी दिलेली होती. थांबावं का, असा विचार मनात आला होता. पण आमचे मदतनीस मामा सकाळीच द्रवरूप नायट्रोजनचा डेवर, म्हणजे थर्मॉससारखं भांडं, भरून घेऊन आले होते, मशीनचा स्लॉट आमचा होता आणि ती पोरगी रात्रभर झोपलेली नव्हती. मी ‘चालेल’ म्हटलं. तो निर्णय माझा होता.

आमच्या मशीनवर गोनिओमीटरचा अक्ष आडवा आहे, म्हणजे पिन भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी आडवी राहते. समोरच्या नळीतून 100 केल्विनच्या, म्हणजे उणे 173 अंशांच्या नायट्रोजन वायूचा झोत लूपवर सतत पडत असतो. तो झोत आहे तोवर स्फटिक जिवंत. आम्ही तसंच म्हणतो, ‘जिवंत’. उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या चिमट्यात लूप झाकून डेवरमधून वर आणायचा, कॅप मॅग्नेटला लावायची आणि चिमटा उघडून बाजूला घ्यायचा. या सगळ्याला पाच-सहा सेकंद लागतात.

चिमटा उघडला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर स्फटिक दिसला, स्वच्छ, कडा धारदार. तिने हात जोडले. मी अक्ष फिरवायला सांगितलं. नव्वद अंशांवर स्फटिक खाली सरकला. अजून थोडं फिरवलं तर स्क्रीनच्या कडेला गेला, आणि मग दिसेनासा झाला.

मी मान वाकवून कॅपकडे पाहिलं. ती मॅग्नेटवर होती, पण वरच्या बाजूला पांढरी रेघ दिसत होती. खोलीतल्या दमट हवेतून मॅग्नेटच्या थंडगार तोंडावर बर्फाची साय धरली होती. कॅप त्या सायीवर टेकली होती आणि हळूहळू घसरत खाली येत होती. खालच्या कडेपाशी तेवढा धातूला धातू लागला होता, त्यावर ती लटकून होती.

नंतर मी तिला हिशेब करून दाखवला. कॅपच्या एका बाजूला तीन दशांश मिलिमीटर बर्फ असेल, तर बारा मिलिमीटर रुंदीच्या कॅपला दीडेक अंशाचा कल येतो. लूप तिथून 22 मिलिमीटरवर. म्हणजे टोकाला अर्धा मिलिमीटरहून जास्त फरक, स्फटिकाच्या पाचपट. शिवाय मॅग्नेटची पकड अंतराबरोबर झपाट्याने ढासळते. फ्रिजच्या दारावर एका मॅग्नेटखाली विजेचं एक बिल छान राहतं, तीन महिन्यांची बिलं लावली की सगळी खाली येतात. मॅग्नेट तोच असतो, मधे कागद वाढलेला असतो. त्या दुपारी कागदाच्या जागी बर्फ होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की कॅप आणखी दोन मिलिमीटर सरकली तर लूप झोतातून बाहेर पडेल, आणि काही सेकंदांत पडद्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन स्फटिक फुटेल. बोटाने कॅप सरळ करायचा मोह झाला. मी हात पुढे नेलासुद्धा, पण वेळेवर मागे घेतला. कारण मॅग्नेट वाट पाहत नाही. कॅप जराशी जरी मोकळी झाली असती, तरी ती झटक्याने मधोमध ओढली गेली असती आणि तो झटका थेट पडद्यातल्या स्फटिकाला बसला असता.

“कुणी काही फिरवू नका,” एवढंच म्हटलं. चिमटा पुन्हा डेवरमध्ये घातला. उकळी थांबेपर्यंत चिमटा गार झालेला नसतो, आणि ती उकळी थांबायला त्या दिवशी किती वेळ लागला! बुडबुडे संपले. चिमटा वर घेतला, लूपवरून सरकवला, मिटला. मग मनगट तिरकं केलं. ओढायचं नाही, सोलायचं. कॅप खालच्या कडेवरून सुटली, आणि दुसऱ्या क्षणी सगळं नायट्रोजनच्या आत होतं. तिथे वँडने कॅप पकडून पिन कुपीत ठेवली. आमच्या कुप्यांच्या तोंडाशी चुंबकी कडं असतं. आतून, द्रवाच्या खालून, अगदी पुसट ‘टक्’ आला.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मामांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मग आम्ही घाई केली नाही. झोत बंद करून गोनिओमीटरचं डोकं खोलीच्या तापमानाला येऊ दिलं. कुणीतरी हीट गन आणली, ती मी परत पाठवली. साध्या प्रतीचा निओडिमियम मॅग्नेट 80 अंशांच्या पुढे तापला की त्याची ताकद कायमची कमी होऊ शकते. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने मॅग्नेटचं तोंड पुसलं, कोरडा नायट्रोजन वायू फुंकला, पुन्हा पुसलं. दुसऱ्या इमारतीतून डीह्युमिडिफायर उसना आणला. दोन तास गेले. संध्याकाळी सहाला रिकामी पिन लावून पाहिली. टक्. काढली, पुन्हा लावली. टक्. अक्ष पूर्ण फिरवला, लूप जागचा हलला नाही.

मग स्फटिक. टक्.

एक्स-रेच्या पहिल्या चित्रावर तीन जाड कडी उमटली, 3.9, 3.67 आणि 3.44 अँगस्ट्रॉमला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ही बर्फाची ओळख, क्रिस्टलोग्राफीतल्या प्रत्येकाला पाठ असते. तिचा चेहरा पुन्हा उतरला. पण कड्यांच्या मधे ठिपके होते, रांगेत, नेटके. म्हणजे स्फटिक शाबूत होता, बर्फ नुसता वर चिकटलेला होता. छोट्या वाटीतून लूपवर नायट्रोजनची धार सोडली. हे कॅप घट्ट बसलेली असेल तरच करता येतं. दुसऱ्या चित्रात कडी जवळजवळ गेली होती, आणि ठिपके 2.4 अँगस्ट्रॉमपर्यंत पोचले होते. हा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक.

माहिती गोळा होत राहिली रात्रभर. इंदूरच्या इंडस-2 सारख्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिप्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, हेच काम काही मिनिटांत होतं, आमच्या मशीनला वेळ लागतो. पहाटे पाचला शेवटचं चित्र आलं. तिनेच चिमटा गार केला, तिनेच मनगट तिरकं करून कॅप सोडवली. मी हात मागे बांधून उभी होते. कुपी कॅनमध्ये गेल्यावर तिने वहीत तारीख लिहिली आणि खाली खोलीतली आर्द्रता नोंदवली. तो रकाना आमच्या वहीत तोवर नव्हता. तिने पट्टीने रेघ मारून तो नवीन आखला होता.