तुम्ही विचारलंत म्हणून : जीव घाबरा होणं आणि घोर लागणं

‘परवा मला आला तो पॅनिक अटॅक होता की अँग्झायटी अटॅक?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट लिहूनच ठेवावं म्हटलं.

या दोनपैकी एकच नाव मानसोपचाराच्या पुस्तकात आहे. पॅनिक अटॅकची व्याख्या आहे, लक्षणांची यादी आहे. ‘अँग्झायटी अटॅक’ नावाचं निदान नाही. तो बोलण्यातला शब्द आहे. कुणी तो पॅनिकसाठीच वापरतं, कुणी परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या तगमगीसाठी, तर कुणी तीन आठवडे पोटात पडलेल्या खड्ड्यासाठी. म्हणून तो शब्द ऐकला की मी नावाच्या नादी लागत नाही. विचारते, ‘सुरू किती वाजता झालं?’

पॅनिकवाल्याला वेळ सांगता येते. ‘सव्वानऊला, भांडुपच्या पुढे.’ दुसरा म्हणतो, ‘तसं बघाल तर दिवाळीपासूनच.’ निम्मं उत्तर इथेच मिळतं. आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. लेक रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही की आईला घोर लागतो. तो हळूहळू चढतो आणि दाराची बेल वाजली की उतरतो. जीव घाबरा होतो तो मात्र एकाएकी, बसल्या जागी, आणि पुष्कळदा समोर कारण काहीच नसतं.

भांडुपच्या पुढे काय झालं ते जवळून बघू. ठाण्याहून सुटलेली फास्ट लोकल, गर्दी रोजचीच. छातीत एकदम धडधडतं. घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, श्वास पुरत नाही, तळहात ओले, बोटांना मुंग्या, पाय लटपटतात. आजूबाजूची माणसं काचेपलीकडे असल्यासारखी दिसतात. आणि मग तो विचार येतो : मी मरतोय, किंवा मला वेड लागतंय. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या नियमावलीत अशी १३ लक्षणं दिली आहेत. त्यातली किमान ४ एकदम आली आणि काही मिनिटांतच शिगेला पोचली, तर तो पॅनिक अटॅक. साधारण दहा मिनिटांच्या आत तो टोकाला जातो, अर्ध्या तासात बहुतेक ओसरतो. नंतर अंगात त्राण राहत नाही. झोपेतून दचकून उठवणारा पॅनिकही असतो, स्वप्नाशिवाय.

मुंग्यांचं कारण सांगायला हवं, कारण लकवा मारतोय असं वाटून माणूस आणखी घाबरतो. भीतीने श्वास भराभर आणि खोल होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, म्हणून गरगरतं. रक्त जरा अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात; कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, तरी हवा कमी पडतेय असं वाटतं. अशा वेळी शेजारचे लोक प्रेमाने ‘मोठा श्वास घे, मोठा!’ म्हणतात, तो सल्ला आगीत तेल ओततो. मोठा नको, सावकाश हवा : नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट हलेल इतपतच. म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. कागदी पिशवी तोंडाला लावायची जुनी युक्ती मात्र सोडा. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती जिवावर बेतू शकते.

‘बीपी लो झालं असेल’ म्हणून लिंबू-मिठाचं पाणी पाजतात, कांदा फोडून हुंगवतात. पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढलेलं असतं. चक्कर येऊन पडायला ते घसरावं लागतं, म्हणून पडेन पडेन वाटत राहतं, पण माणूस क्वचितच पडतो. रक्त किंवा सुई बघून घाबरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते खरोखर पडतात.

आता खरी गडबड. आपला प्रवासी घाटकोपरला उतरतो, बाकावर बसतो, पाच मिनिटांत बरं वाटतं. मेंदू हिशेब मांडतो : उतरलो म्हणून वाचलो. वास्तविक लाट तशीही ओसरायलाच आली होती. पण दुसऱ्या दिवशी तो स्लो लोकल धरतो, दर स्टेशनला उतरता यावं म्हणून. मग दाराजवळच उभा राहतो, बाटली आणि गोळी खिशात. महिन्याभराने रिक्षा, मग घरून काम. अटॅक एकदाच आला आणि विसरला गेला, तर तो आजार नव्हे. तो पुन्हा पुन्हा अवचित येतो आणि निदान महिनाभर ‘परत येईल का’ ही धास्ती किंवा असं टाळणं सुरू राहतं, तेव्हा त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. माझ्या मते अटॅकपेक्षा हे टाळणंच माणसाचं जास्त नुकसान करतं.

घोर लागण्याची तऱ्हा वेगळी. तिथे भीती शरीराची नसते, उद्याची असते : हप्ता, रिपोर्ट, पोराची दहावी, सासऱ्यांचं ऑपरेशन. एक काळजी मिटली की दुसरी तिच्या जागी येऊन बसते. मान-खांदे दगडासारखे होतात, झोप उथळ लागते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, थकवा जात नाही. हे सहा महिने, बहुतेक दिवस चाललं आणि आवरेनासं झालं, तर त्यालाही निदान आहे : जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. यात एखादी संध्याकाळ फार वाईट जाते, तेव्हा लोक ‘अँग्झायटी अटॅक’ म्हणतात. ती चढते हळू आणि उतरते त्याहून हळू.

दोन्ही वेगळ्या आहेत हे वैद्यकाला उशिरा पटलं. १९८०पर्यंत अमेरिकन नियमावलीत दोन्ही ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ या एकाच पोत्यात होत्या. त्याआधी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी काही रुग्णांना इमिप्रामीन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. ‘मी मरतोय’ म्हणत नर्सकडे धावत जाणं काही आठवड्यांत थांबलं. रुग्ण मात्र म्हणत राहिले की काळजी तशीच आहे. अटॅक गेला, घोर राहिला. एकाच औषधाने एक गोष्ट जाते आणि दुसरी राहते, त्या अर्थी त्या दोन असणार.

तरी एकाच माणसात दोन्ही नांदतात, हेही खरं. महिनाभराच्या घोरावर एखादा पॅनिक स्वार होतो, पॅनिक येऊन गेल्यावर पुढच्याचा घोर लागतो. त्यामुळे ‘यातलं माझं नेमकं कुठलं’ यावर रात्र रात्र गूगल करण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदाच असं झालं तर मात्र पॅनिकच असेल म्हणून घरी बसू नका. चाळिशी ओलांडलेली, मधुमेह, बीपी, तंबाखू, घरात हृदयविकार, चालल्यावर किंवा जिना चढताना छातीत दुखणं, कळ हातात किंवा जबड्यात जाणं : यातलं काहीही असेल तर १०८ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक नुसता धाप किंवा मळमळ होऊनही येतो. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांनी पुन्हा करतात ती उगाच नाही. सोबत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, साखर बघून घ्यावी. वाढलेलं थायरॉइड हुबेहूब अँग्झायटीचं सोंग घेतं, रिकाम्या पोटी पाच कप चहाही घेतो. पण हे एकदा झाल्यावर दर अटॅकला नवा ईसीजी काढणं, हेसुद्धा टाळण्याचंच भावंड आहे.

उपचार वेगळे होतात ते इथे. पॅनिकसाठीच्या थेरपीत लक्षणं मुद्दाम आणवतात : एक मिनिट जागच्या जागी धावणं, एक मिनिट फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, नाक दाबून बारीक स्ट्रॉतून श्वास घेणं. दर वेळी भीतीला ० ते १० आकडा द्यायचा आणि तो निम्म्यावर येईपर्यंत तेच पुन्हा करायचं. छाती धडधडली तरी काही होत नाही हे डोक्याला सांगून पटत नाही, छातीलाच पटवावं लागतं. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. मग लोकल : आधी एक स्टेशन, मग तीन, आणि लाट टोकाला असताना उतरायचं नाही.

घोराला हे लागू पडत नाही. तिथे वही लागते. रोज संध्याकाळी ठरलेली २० मिनिटं काळजीची, झोपायच्या वेळेला मात्र नको. डावीकडे ज्याचं उद्या काही करता येईल ते, उजवीकडे ज्याचं काहीच करता येणार नाही ते. दिवसभरात काळजी डोकावली की तिला सहाची वेळ द्यायची.

गोळ्यांबद्दल थोडकं. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी औषधं दोन्हीला चालतात, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून कमी डोसने सुरुवात करतात. नेमक्या त्याच आठवड्यात लोक गोळी बंद करतात. अल्प्राझोलाम अर्ध्या तासात उतार देतं, आणि म्हणूनच सवय लागते. महिनोन्‌महिने घेतलं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, फिट येऊ शकते.

आणि तुम्ही शेजारी असाल तर? ‘काही नाही होत, मनाचे खेळ आहेत’ म्हणू नका. गर्दी हटवा, कांदा परत पिशवीत टाका, घड्याळ बघून सुरुवातीची वेळ मोबाईलमध्ये टिपा. दर दोन मिनिटांनी ती मोठ्याने सांगा : ‘चार मिनिटं झाली. सहा झाली.’ डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत. डॉक्टर लांब असतील तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतही.