हात दहा मिनिटांत पूर्ववत झाला, तरी रुग्णालय गाठा

लिहिता लिहिता उजव्या हातातून पेन गळून पडतं. बोलायला जावं तर शब्द अडखळतात, ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो. घरात धावपळ सुरू होते न होते तोच, दहाएक मिनिटांत, सगळं ठीक. मग ‘थकवा असेल’, ‘हात अवघडला असेल’ असं म्हणत माणूस आडवा होतो. मिनी-स्ट्रोक, म्हणजे डॉक्टर ज्याला टीआयए म्हणतात, त्यात सगळ्यात महाग पडतं ते हे आडवं होणं.

यात मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकते आणि थोड्या वेळात आपोआप विरघळते किंवा पुढे सरकते. लक्षणं बहुधा तासाभराच्या आत जातात. पण गुठळी जिथून सुटली ती जागा तशीच राहते. मानेतल्या धमनीतला चरबीचा थर असो की अनियमित धडधडणारं हृदय, तिथून दुसरी गुठळी कधीही सुटू शकते. उपचार न झाल्यास पुढच्या ९० दिवसांत दहापैकी साधारण एकाला मोठा स्ट्रोक येतो, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या ४८ तासांतच. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणी आणि औषधं तातडीने सुरू केल्यावर हा ९० दिवसांचा धोका सुमारे १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. औषधं नेहमीचीच होती, फरक पडला तो लवकर सुरू केल्यामुळे. म्हणून ‘सोमवारी दाखवू’ हे उत्तर चालत नाही.

ओळखायचं कसं? अचानक सुरुवात, शरीराची एकच बाजू, आणि काहीतरी ‘गेलेलं’ असणं: ताकद, बोलणं किंवा नजर. एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार येऊन तो काही मिनिटांत सरला, तर तोही मिनी-स्ट्रोक असू शकतो. लोक त्यासाठी चष्म्याचा नंबर तपासून घेतात! अर्धशिशीत लकाकणाऱ्या रेषा किंवा मुंग्या हळूहळू पसरत जातात. रक्तातली साखर खाली गेली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं, त्यामुळे ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर लगेच बघा. नुसती भोवळ येऊन शुद्ध हरपली तर कारण बहुधा वेगळं असतं. तरी हा निवाडा घरी बसून करायचा नसतो.

लक्षणं चालू असतील तर ती थांबण्याची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देतात. गिळताना ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून तोंडाने काही देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नको. स्कॅन होईपर्यंत अडथळा आहे की रक्तस्राव हे कळत नाही, आणि रक्तस्रावात अ‍ॅस्पिरिन नुकसान करतं. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरची जास्तीची गोळीही देऊ नका. ते एकदम उतरलं तर अडलेल्या भागाला मिळणारं उरलंसुरलं रक्तही कमी होतं.

रुग्णालयात मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, मानेच्या धमन्यांची डॉपलर (सोनोग्राफीचा प्रकार) किंवा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), ईसीजी, साखर आणि कोलेस्टेरॉल या तपासण्या होतात. लक्षणं पूर्ण गेलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या एमआरआयमध्ये इजा झालेला छोटासा ठिपका सापडतो. एक ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची ती बेताल लय, येऊन-जाऊन असते. ती पकडायला कित्येक दिवसांचं मॉनिटरिंग लागू शकतं. ती सापडली तर अ‍ॅस्पिरिन पुरत नाही, अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे रक्त गोठण्याची क्रिया रोखणारं औषध, लागतं. लक्षणांच्या बाजूची मानेची धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. बाकीच्या जास्त धोक्याच्या रुग्णांना बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र, साधारण २१ दिवस, मग दोन्हींपैकी एकच. दोन्ही गोळ्या ‘असू देत’ म्हणून मनाने चालू ठेवल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुढच्या वर्षांसाठी सर्वांत मोठा शत्रू उच्च रक्तदाब. बहुतेकांसाठी लक्ष्य १३०/८० च्या खाली. घरी मोजताना आधी अर्धा तास चहा-कॉफी आणि तंबाखू टाळा, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा, यंत्राचा पट्टा (कफ) उघड्या दंडावर बांधा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. कफ लहान असला तर आकडा खोटा चढतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटबंद पदार्थांतलंही धरायचं. धमन्यांमध्ये चरबीचा थर असेल तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणायला स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लागते. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती बंद करू नये, कारण रिपोर्ट चांगला आला तो त्या गोळीमुळेच. तंबाखू पूर्ण बंद. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं. घोरताना श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी.

आणि दात काढायचा आहे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवू नका. साध्या दात काढण्यासाठी ती बहुधा थांबवावी लागतच नाही. दंतवैद्याला गोळीचं नाव सांगा, आणि ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारूनच काय ते ठरवा.